बोटांना कळायचं

प्रसादासाठी त्यानं डावा हात पुढे केला आणि मी तो चाळीस माणसांसमोर खाली ढकलला.

चँडलरमधल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. घराबरोबर मागचा स्विमिंग पूल आला होता आणि पूलबरोबर आधीच्या मालकांकडून हा माणूस आला होता. दर शनिवारी सकाळी लांब दांडीची जाळी खांद्यावर टाकून यायचा, पाण्यातला पाला काढायचा, औषध टाकायचा आणि जायचा. आत सत्यनारायण चाललाय हे त्याला कोण सांगणार? नेहमीसारखा मागच्या फाटकातून आला. बायको म्हणाली, "त्यालाही दे रे प्रसाद." मी शिऱ्याचं पातेलं घेऊन निघालो. नव्या घराच्या मालकाच्या अंगात त्या दिवशी संस्कृती संचारलेली असते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

"नो, नो," मी म्हणालो. "राइट हँड. आमच्यात उजव्या हातानं घेतात."

तो हसला आणि त्यानं उजवा हात पुढे केला. पण तळवा वर होईना. शेकहँडला केल्यासारखा हात उभाच. मला वाटलं, याला कळलं नाही. मी पातेलं टेबलावर ठेवलं, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि घट्ट बसलेलं झाकण फिरवावं तसा त्याचा तळवा वर फिरवला. त्याच्या तोंडून आवाज आला नाही. मानेवरची एक शीर तेवढी टरारून वर आली. मी शिरा घातला, त्यातला निम्मा गालिच्यावर सांडला, आणि तेव्हा मला त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूची खूण दिसली. बॅगेच्या चेनसारखी, वीतभर लांब.

"बेसबॉल," तो म्हणाला. मग खाली सांडलेल्या शिऱ्याकडे बघून, "माय बॅड."

"बाबा, यू लिटरली ट्विस्टेड हिज आर्म," एवढं बोलून आमची कन्या वर निघून गेली. पाहुणे पांगल्यावर बायकोनं विचारलं, "असं का केलंस?"

"मला वाटलं, त्याला बरं वाटेल," मी म्हणालो. "आपल्यातलाच एक वाटेल."

ती गुडघ्यांवर बसून गालिचा पुसत होती. 

तो पिचर होता. आपल्या भाषेत गोलंदाज. फरक एवढाच, की आपल्याकडे हात कोपरातून वाकवून चेंडू फेकला तर पंच नो-बॉल देतो आणि इथे त्या कोपरावरच माणसाचं पोट असतं. अठराव्या वर्षी, मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावातून एका संघानं त्याला उचललं. पुढची अकरा वर्षं तो लहान गावांच्या लहान संघांकडून खेळत बसनं देशभर फिरला. दोनदा कोपर कापलं. मनगटाजवळची एक शीर काढून कोपरात ओवली, ती तुटली तेव्हा दुसऱ्या मनगटातली. दोन्ही वेळा वर्षभर जेवण डाव्या हातानं. प्रसादाला तो हात पुढे का आला, हे मला असं उशिरा कळलं.

या अकरा वर्षांत नऊ दिवस तो मोठ्या संघात होता. टीव्हीवर दिसतो त्या खऱ्या संघात. कोणाचा तरी खांदा दुखावला म्हणून बोलावणं आलं. नऊ दिवसांत चारदा फोन वाजला, की तयार राहा. चारदा त्यानं कुंपणामागे उभं राहून हात गरम केला. चारदा पुन्हा फोन वाजला, की बस खाली. दहाव्या दिवशी दुखरा खांदा बरा होऊन परत आला. मैदानाच्या मधोमध जो मातीचा उंचवटा असतो, त्यावर हा एकदाही उभा राहिला नाही. एक चेंडू टाकला असता तरी मोठ्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव कायमचं राहिलं असतं. एकही टाकला नाही, म्हणून नाव नाही.

आमच्या मंडळाच्या दिवाळी फराळाला मी त्याला हौसेनं बोलावलं आणि त्याच्यासमोरच ही सगळी हकिकत मराठीतून सांगितली. तो चकली खात बसला होता.

"म्हणजे बारावा गडी!" आमच्यातला एक विनोदी गृहस्थ ओरडला. "पाणी नेत होता का रे?"

"पाणी तर अजून सोडलं नाही यार त्यानं," दुसरा म्हणाला. "तुझ्या पूलमध्येच असतो ना?"

हॉल खदखदून हसला. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मी. सगळे हसताहेत म्हणून तोही हसला आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "काय जोक झाला?"

"म्हणतायत, आमच्यात एक प्रसिद्ध माणूस येऊन बसलाय," मी म्हणालो.

त्यानं उठून सगळ्यांना हात केला. डावा. माझं पहिलं खोटं हे. इतकं सहज गेलं, की मला ते खोटं वाटलंही नाही.

कॉलेजात मी विकेटकीपर होतो, असं मी त्याला एकदा सांगून बसलो होतो. कॉलेजच्या दुसऱ्या संघात होतो आणि तोही पहिला कीपर कांजिण्यांनी आजारी असताना, हा तपशील मी गाळला. तेव्हापासून तो मला 'कीपर' म्हणायचा. घरामागच्या, कॉलनीच्या हिरवळीवर त्यानं शनिवारी काम संपल्यावर चेंडू टाकायला सुरुवात केली, तेव्हा मला समोर बसवलं. पहिला चेंडू मला दिसलाच नाही. माझ्या छातीनं तो झेलला. मग त्यानं एक उभी जाळी आणली, तिच्यामागे खुर्ची ठेवली आणि म्हणाला, "कीपर, तू इथून कीप कर."

पस्तिशीत हा उद्योग कशाला, तर त्याच्याबरोबर बसमधून फिरलेला एक जण आता एका संघात प्रशिक्षक झाला होता. फेब्रुवारीत त्यांच्या सरावाच्या मैदानावर खुली चाचणी असते. तो म्हणाला होता, "तू नव्वद दाखव, पुढचं मी बघतो." ताशी नव्वद मैल. त्याच्याखाली टाकणारे या देशात रस्तोरस्ती आहेत. नव्वद टाकलं तर कदाचित एक करार, कदाचित एक उन्हाळा, आणि त्या उन्हाळ्यात कोणाचा तरी खांदा दुखावलाच, तर कदाचित तो मातीचा उंचवटा.

मी लगेच वेग मोजायची रडार गन विकत घेतली. मोजमाप हे माझं क्षेत्र. चिपच्या कारखान्यात वीस वर्षं मी तेच करतो. केसाच्या हजाराव्या भागाएवढी रेष चुकली तर ती पकडायची आणि चुकवणाऱ्याला रडवायचं. हाताखालच्या एकाला मी खरंच रडवलंय. त्यानं एक आकडा 'जवळपास बरोबर' लिहिला होता.

तर ती गन घेऊन मी जाळीमागे बसलो. साडेसाठ फुटांवर तो. हात मागे गेला, पुढे आला, जाळी धाडकन फुगली. मी आकडा वाचायला तोंड उघडलं, तर त्यानं तळवा दाखवून मला थांबवलं.

"डोन्ट टेल मी."

अंगठा पहिल्या दोन बोटांच्या टोकांवरून फिरवला. मीठ चिमटीत धरून बघावं तसा. डोळे मिटले.

"एटीफोर."

गनवर चौऱ्याऐंशी होतं.

पुढचा. "डोन्ट टेल मी. एटीथ्री. सुटताना घसरला." त्र्याऐंशी. त्या सकाळी त्यानं तीस चेंडू टाकले आणि तीसच्या तीस आकडे बोटांवरून सांगितले. दोनदा चुकला, तेही एका मैलानं. मी वीस वर्षांत इतकं अचूक यंत्र पाहिलेलं नाही. मी तसं म्हणालो, तेव्हा तो लाजला. "एवढंच राहिलंय," म्हणाला. "कोपर त्यांनी दोनदा बदललं. बोटं माझीच आहेत."

हे वाक्य आज लिहिताना मला पाणी प्यायला उठावं लागलं.

डिसेंबर सगळा त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी यांत गेला. तो चेंडू गोळा करायचा, बादलीत टाकायचा. एका शनिवारी त्यानं बोटं चोळली, "एटीफोर" म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बसला. माझ्यासमोर चौऱ्याऐंशीच होते.

"एटीसिक्स!" मी ओरडलो.

आता तुम्हाला आमच्या घराण्याची खोड माहीत नाही. आमच्याकडे पंगतीत पाहुणा ताटावर आडवा झाला तरी आम्ही जिलबी वाढतो. "एक, फक्त एक, माझ्यासाठी." नको म्हणतो ते तोंडदेखलं, असं आमच्या रक्तात आहे. त्या दिवशी मी त्या माणसाला दोन मैल वाढले.

तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. "नाही," म्हणाला. "चौऱ्याऐंशी."

"मशीन शहाऐंशी म्हणतंय," मी म्हणालो. मोजमापाचा माणूस मी.

पुढचा चेंडू खरोखर जोरात आला. पंच्याऐंशी. मी सत्त्याऐंशी वाढले. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला जे वाटलं, त्याला मी तेव्हा माया समजत होतो.

जानेवारीत मी तीन वाढत होतो, मग चार. आणि आता नीट ऐका, कारण या गोष्टीतला माझा खरा पराक्रम हा आहे. सुरुवातीला तो बोटं चोळून खरा आकडा सांगायचा आणि मी खोटा. मग तो थोडा थांबून सांगायला लागला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून. आणि एका शनिवारी त्यानं बोटं चोळली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "डोन्ट टेल मी. एटीनाइन."

गनवर पंच्याऐंशी होतं. मी एकोणनव्वदच सांगणार होतो.

"करेक्ट!" मी म्हणालो. त्यानं मूठ वर केली. तीस वर्षं चेंडू टाकून कमावलेलं ते यंत्र मी सहा आठवड्यांत बिघडवलं होतं, आणि ते बिघडल्याबद्दल मी टाळ्या वाजवत होतो.

संक्रांतीचा तिळगूळ बायकोनं त्याला जानेवारी संपता संपता दिला, डाव्या हातावर, आणि गोड बोलायचं कलमही समजावून सांगितलं. त्यानं माझ्याकडे अंगठा केला. "मॅम, कीपर तर आधीपासूनच बोलतो."

त्याच आठवड्यात गावातल्या एका शाळेनं त्याला विचारलं. बेसबॉलच्या मुलांना शिकवायचं, वर खेळाच्या तासांची पक्की नोकरी. विमा, सुट्ट्या, डोक्यावर छप्पर असलेली खोली. पण मोसम फेब्रुवारीतच सुरू होतो, तेव्हा चाचणी आणि शाळा दोन्ही जमणार नाही. शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगा.

गुरुवारी तो वेळ नसताना आला. मी ऑफिसातून नुकताच परतलो होतो. "कीपर, मला तुझी दहा मिनिटं हवीत," म्हणाला. जाळी लावली. बारा चेंडू टाकले, मधे एकदाही बोटं चोळली नाहीत. मग चालत जाळीपाशी आला. पहिल्यांदाच इतका जवळ, घामानं निथळलेला.

"आज मी ओळखत नाही. आज तू सांग," तो म्हणाला. "सगळ्यांत जोराचा किती? नव्वद नसेल तर मी उद्या शाळेला हो म्हणतो. मला वाईट वाटणार नाही. खरंच. मला ती मुलं आवडली."

दार पूर्ण उघडं होतं. मला नुसतं वाचायचं होतं. गनवरचे पंच्याऐंशी माझ्या मांडीवर लाल अक्षरांत जळत होते. पण आज पंच्याऐंशी म्हटलं तर गेल्या शनिवारच्या एकोणनव्वदांचं काय? त्याच्या आधीच्या सत्त्याऐंशींचं काय? मी त्याला वाचवत नव्हतो. मी मला वाचवत होतो.

"नाइन्टीवन," मी म्हणालो.

त्यानं मला मिठी मारली. उजवा हात माझ्या पाठीवर नीट टेकत नव्हता, वाकडाच राहिला. शुक्रवारी त्यानं शाळेला नाही कळवलं.

चाचणीला मी मंडळातल्या अकरा जणांना घेऊन गेलो. घडीच्या खुर्च्या, थर्मासमधून चहा, डब्यात दडपे पोहे. बाराव्या गड्याचा विनोद करणारे गृहस्थ ढोलपथकातला ताशा घेऊन आले होते. "आपला माणूस आहे यार, आवाज नको व्हायला?" मैदानावर सगळी वीस-बावीसची पोरं होती, आणि त्यांच्यात हा, बादलीतला जुना चेंडू हातात घेऊन. चेंडू टाकायच्या जागेशेजारी भलामोठा फलक होता. प्रत्येक चेंडूनंतर त्यावर वेग झळकायचा. सगळ्यांना दिसेल असा.

पहिला चेंडू. त्यानं बोटं चोळली. ओठ हलले. मला इतक्या लांबूनही कळलं, की तो नव्वद म्हणाला.

फलकावर ८४.

"चौऱ्याऐंशी!" आमच्या खुर्च्यांतून आवाज आला. "डिस्टिंक्शन!" आणि ताशा कडाडला. आमच्या लोकांना काय माहीत? शंभरपैकी चौऱ्याऐंशी म्हणजे आमच्यात पेढे वाटतात. त्यानं दचकून आमच्याकडे पाहिलं, मग फलकाकडे, मग बोटांकडे.

दुसरा. बोटं. ओठ. ८३. टाळ्या. तिसरा ८५, तेव्हा दोघं-तिघं खुर्चीवर उभे राहिले आणि शिट्टी आली. मी खाली बसून चहाच्या कपाकडे बघत होतो. पाचव्यानंतर त्यानं बोटं चोळणं सोडून दिलं. सातवा ८२.

यादी धरून उभा असलेला माणूस पुढे आला. बाकीच्यांना तो 'बडी' म्हणत होता, 'किड' म्हणत होता. याला म्हणाला, "थँक यू, सर."

प्रशिक्षक झालेला तो जुना सोबती लांब कुंपणापाशी उभा होता. त्यानं बुटाची नाडी बांधायला घेतली आणि बांधतच राहिला.

तो आमच्या खुर्च्यांपाशी आला. ताशा गप्प झाला. सगळ्यांसमोर, शांतपणे, त्यानं विचारलं, "कीपर, तुझी गन जास्त दाखवते का?"

म्हणजे बघा, त्यानं मला वाट काढून दिली होती. आणि मी तिच्यातून पळालो.

"हो," मी म्हणालो. "कॅलिब्रेशन. उन्हामुळे होतं कधी कधी." या विषयावर ऑफिसनं मला दोन प्रशस्तिपत्रं दिलेली आहेत.

"होतं असं," तो म्हणाला. "मी आधी तपासायला हवी होती. माय बॅड." मग म्हणाला, "दे माझ्याकडे. खराब असेल तर दुकानवाले बदलून देतात. तू कशाला भुर्दंड सोसतोस?"

त्याच्यासाठी बायकोनं वेगळी बशी भरली होती. ती त्यानं डाव्या हातानं घेतली, उभ्यानंच पोहे संपवले, "थँक यू, मॅम" म्हणाला आणि माझ्या गाडीतली गन घेऊन गेला.

पुढच्या शनिवारी तो वेळेवर आला. पूल साफ केला, कडा ब्रशनं घासल्या, औषध टाकलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर गनचं खोकं ठेवलं. खोक्यावर चिकटवलेला कागद होता. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक फलक आहे, येणाऱ्या गाडीचा वेग दाखवणारा. तिथं तो तीन सकाळी गन घेऊन उभा राहिला होता. मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: फलक पंचवीस, गन पंचवीस. फलक एकतीस, गन एकतीस. असं पानभर. आणि खाली एक ओळ: 'गन एकदम चांगली आहे. बदलायची गरज नाही.'

मी चपला न घालता मागच्या अंगणात धावलो. तो दांडी गाडीला बांधत होता.

"ऐक," मी म्हणालो, "मी ते सगळं यासाठी..."

त्यानं तळवा दाखवून मला थांबवलं. तोच जुना हात.

"डोन्ट टेल मी," तो म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी कानात इअरफोन घातलेला दुसराच माणूस आला. पूलवाल्या कंपनीला फोन केला, तर म्हणाले, त्यानं गाव सोडलं, कुठे ते आम्हाला सांगितलं नाही. शाळेत मी स्वतः जाऊन आलो. ती जागा भरली होती. जाळीमागे पोरं चेंडू टाकत होती आणि कोणीतरी भलताच त्यांना कोपर कसं वाकवायचं ते दाखवत होता. घरामागच्या हिरवळीवर तो उभा राहायचा तिथं गवत गेलं होतं, दोन पावलांएवढं. कॉलनीवाल्यांनी मार्चमध्ये तिथं नवं बी टाकलं.

बायकोला आकड्यांचं काही माहीत नव्हतं. तिनं चाचणीच्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या खऱ्या. गवत उगवलं त्या दिवशी संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या दोन मैलांपासून गुरुवारच्या नाइन्टीवनपर्यंत. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं. मधे एकदा हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"मला वाटलं, त्याला बरं वाटेल," मी म्हणालो.

"शिरा सांडला त्या दिवशीही तू हेच म्हणाला होतास," ती म्हणाली. "गालिचा तरी पुसता आला."